शेंद्र्याची गाडी चाळीसगावला

छत्रपती संभाजीनगरातून जालना रस्त्याने पंधराएक किलोमीटर गेले की शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. येथे २००१ पासून स्कोडा मोटारी तयार होऊ लागल्या आणि २००७ पासून त्याच आवारात ऑडीच्या गाड्यांची जोडणी सुरू झाली. आधी ए-सिक्स, मग ए-फोर. सुटे भाग परदेशातून पेट्यांत भरून येतात आणि येथली माणसे ते जोडतात. असा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आयात करात आहे. २०२३ साली तयार मोटार बाहेरून आणली तर ७० ते १०० टक्के कर होता, सुटे भाग आणून येथे जोडले तर तो पुष्कळ कमी. म्हणजे ज्या गाडीला लोक जर्मन म्हणतात तिचा शेवटचा बोल्ट आपल्या चिकलठाण्याच्या, करमाडच्या, नाही तर पडेगावच्या पोराने आवळलेला असतो.

गाडी जोडणारा एक आणि तिच्यात बसणारा दुसरा, असे आजवर चालत आले. २०१० च्या ऑक्टोबरात याच शहरातल्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या. पासष्ट कोटींचा सौदा म्हणून देशभर त्याचा बोलबाला झाला. गाड्यांना सात टक्के व्याजाने कर्ज मिळाले. त्याच वेळी शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला बारा टक्के आणि त्याहूनही अधिक व्याज पडत होते, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी लिहून दाखवले. आमचा भाचा त्या दिवसांत वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. आयटीआय झालेला, तीन पाळ्यांत काम करणारा. सायकल बाजूला लावून तो रस्त्याने जाणाऱ्या त्या गाड्या बघत उभा राहिला होता, असे त्याने आम्हाला फार नंतर सांगितले.

तोच भाचा आता वाळूजला स्वतःचे चार सीएनसी मशीन चालवतो. बावीस माणसे त्याच्याकडे कामाला आहेत. आणि २०२३ च्या पावसाळ्यात तो आमच्या घरी येऊन म्हणाला, "मामा, ए-फोर बुक करतोय. हिशेब तुम्ही बघा."

आम्ही विरोध केला, हे स्पष्ट सांगतो. आम्ही कारकुनी करणारे माणूस. आयुष्यात एक स्कूटर घेतली, तीही सोसायटीच्या कर्जाने. शिवाय वस्तीत अभ्यासिकेच्या छपराला पत्रे नाहीत म्हणून आम्ही घरोघर पावती पुस्तक घेऊन फिरत होतो. अशा वेळी घरातल्या पोराने पन्नास लाखांची गाडी घ्यावी हे मनाला पटेना. भाच्याचे म्हणणे दुसरे होते. "मोठ्या कंपनीत काम मागायला जातो तेव्हा गेटवरचा वॉचमन आधी गाडी बघतो, मामा. मोटरसायकलवर गेलो तर तासभर बाकावर बसवतात. माझ्या मागून आलेला गाडीवाला आधी आत जातो." यात खोटे काही नाही. आम्हीही सरकारी कचेऱ्यांत तशा बाकांवर बसलेलो आहोत.

मग आम्ही वही घेऊन बसलो. वाचकांपैकी पुष्कळांना ही रक्कम आपल्या कामाची नाही असे वाटेल, पण नियम लहान गाडीलाही बरेचसे तेच आहेत, म्हणून थोडे लिहितो. शोरूमची किंमत अठ्ठेचाळीस लाख धरली तर त्या वेळी अशा मोठ्या इंजिनाच्या मोटारीवर जीएसटी २८ टक्के आणि वर उपकर २० टक्के होता. म्हणजे अठ्ठेचाळीस लाखांत साडेपंधरा लाख कराचेच. (सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि सरसकट ४० टक्के झाले.) दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस कापतात. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण पुष्कळ लोक विसरतात. रस्ता कर व्यक्तीच्या नावावर १३ टक्के आणि कंपनीच्या नावावर २० टक्के. भाच्याचा कारखाना एकमालकीचा असल्याने गाडी त्याच्या नावावर घेऊनही धंद्याच्या पुस्तकात दाखवता आली. घसारा १५ टक्के. मात्र वर्षातले १८० दिवस वापर झाला नाही तर निम्माच. "दसऱ्याला घेऊ नकोस, महिन्याच्या पहिल्या तारखेला घे, पूर्ण घसारा मिळेल," असे आम्ही सांगून पाहिले. भाच्याने ऐकले नाही. त्याला अशोक विजयादशमीच हवी होती.

कर्ज पस्तीस लाखांचे, नऊ टक्क्यांनी, पाच वर्षांचे. हप्ता ७२ हजार ६५४ रुपये. साठ हप्त्यांत व्याज साडेआठ लाखांच्या वर जाते. हा आकडा आम्ही लाल शाईने लिहिला आणि वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने तो दोनदा वाचला, वही मिटली आणि म्हणाला, "फेडीन."

आदल्या दिवशी आम्ही शोरूमला जाऊन गाडी तपासली. नवी गाडी घेणाऱ्या कुणीही हे करावे, मग ती चार लाखांची असो. उजेडात तपासावी, दिव्याखाली रंगातला फरक कळत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. त्यावरून टायर किती जुने ते समजते. चेसिस नंबर कागदांशी ताडून पाहावा. दोन किल्ल्या, जॅक, जादा चाक, सर्व दिवे, मीटरवरचे किलोमीटर हे सगळे बघून मगच सही करावी. विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही, भाच्याने बाहेरून घेऊन बरेच पैसे वाचवले. तेथला तरुण विक्रेता आमच्या यादीकडे बघून जरा हसला, पण प्रत्येक गोष्ट त्याने नीट दाखवली.

२४ ऑक्टोबर २०२३, मंगळवार. सकाळी सगळे जण बुद्ध लेणीवर जाऊन आलो. तेथली गर्दी आणि वाहतूक यांत दोन तास गेले. शोरूमला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. काचेच्या दालनात पाच-सहा गाड्या चकचकीत कापड पांघरून उभ्या. प्रत्येकीपुढे एक कुटुंब, एक फोटोग्राफर. आमची अक्का, म्हणजे भाच्याची आई, पांढरे पातळ नेसून आली होती. तिने जिनिंगमध्ये कापूस वेचून तीन मुले वाढवली. या थंडगार दालनात ती खुर्चीच्या टोकावर बसून राहिली, जणू कुणी उठवायला येईल.

कापड ओढले. गडद निळी गाडी. विक्रेत्याने पूजेचे ताट आणले. कुंकू, नारळ आणि चार चाकांखाली ठेवायला चार लिंबे.

"हे नको," भाचा म्हणाला.

"सर, आपण सगळ्यांनाच करतो. डिलिव्हरीची पद्धत आहे."

"आमच्यात नसतं, दादा. राहू द्या."

तो मुलगा ताट घेऊन घोटाळला. आता काय करावे त्याला सुचेना. तेवढ्यात अक्का म्हणाली, "लिंबं चाकाखाली कशापायी चिरडायची? सरबत करून पी की बाळा, किती घाम आलाय तुला." आजूबाजूची माणसेही हसली. अक्काने लेणीवरून आणलेली दोन कमळे गाडीच्या पुढच्या काचेपाशी ठेवली, सगळ्यांनी हात जोडले, आणि पाच मिनिटांत कार्यक्रम आटोपला.

मग विक्रेत्याने गाडी समजावून सांगितली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २०४ अश्वशक्ती, सात गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स. शून्यापासून शंभरचा वेग सात सेकंदांच्या आसपास. मीटरला काटे नाहीत, सगळा पडदा. हे सांगून झाल्यावर त्याने जे सांगितले ते आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटले. पहिले हजार किलोमीटर इंजिन ताणायचे नाही. नवे टायर आणि नवे ब्रेक पहिले काही शे किलोमीटर पूर्ण पकड देत नाहीत. शर्यतीच्या घोड्यासारखी गाडी घ्यायची आणि पहिल्याच दिवशी तिला टांग्याच्या घोड्यासारखी चालवायची, असा हा मामला. भाच्याचा चेहरा जरा उतरला. आम्हाला मात्र बरे वाटले.

बसताना अक्काची पंचाईत झाली. अशा वेगवान गाड्या सगळ्याच बसक्या असतात, आणि तिचे गुडघे दुखतात. आधी बैठक टेकवायची, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, हे भाचेसुनेने तिला शिकवले. "जमिनीवर बसल्यावाणी वाटतंय. येष्टी बरी, निदान उंचावरून दिसतं तरी," असे म्हणत ती स्थिरावली. मागे मधल्या जागी नातीला बसवले. तेथे खाली उंचवटा आहे, मोठ्या माणसाला पाय ठेवता येत नाहीत. पाच जणांची गाडी म्हणतात, पण खरी चार जणांचीच आहे. चाळीसगावला आमची मावशी असते. वय ऐंशीच्या पुढे. नवी गाडी आधी तिला दाखवायची असे अक्काने ठरवून टाकले होते.

चाळीसगाव उत्तरेला. तरी भाच्याने गाडी आधी पूर्वेला, शेंद्र्याकडे घेतली. कारण विचारले तर म्हणाला, जिथे झाली तिथे एकदा न्यावी.

कारखान्याच्या अलीकडे चहाची टपरी आहे. सणाची सुटी असूनही दोन कामगार तेथे बसले होते. एक जण उठून गाडीजवळ आला. तो इतर लोकांसारखा आत डोकावला नाही, चाकांकडेही बघितले नाही. दार आणि मागचा पत्रा यांच्यामधल्या फटीवरून त्याने वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तसेच केले. "सारखी आहे," तो म्हणाला. त्याचे कामच दारे बसवण्याचे. रोज किती गाड्यांत बसता, असे नातीने विचारले. "बसतो की. पण गेटच्या बाहेर नेत नाही." भाच्याने त्याला आग्रह करून पुढे बसवले आणि वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्याने एक चक्कर मारली. परत आल्यावर त्याने चहाचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत. उतरताना "जयभीम" म्हणाला तेव्हा कळले की तो आपल्यातला. पण ते आधी कळले नव्हते हेच बरे झाले.

शेंद्र्याहून समृद्धी महामार्ग जवळ आहे. तेथून चढून माळीवाड्याला उतरले की शहराची गर्दी टळते. त्या वेळी मोटारीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे पथकर होता. सहा पदरी सिमेंटचा रस्ता, दुतर्फा कुंपण, दुचाकीला मज्जाव, मोटारीला ताशी १२० ची मर्यादा. गाडी ऐंशीवर आहे की शंभरवर, आत बसून कळतच नाही. आवाज नाही, हादरा नाही. वेगाचा धाक वाटायला काहीतरी खडखडले पाहिजे, ते येथे होत नाही. म्हणून आम्ही सारखे मीटरकडे बघत होतो. नऊच दिवसांपूर्वी, १५ ऑक्टोबरला, याच महामार्गावर वैजापूरजवळ मिनी बस उभ्या ट्रकवर आदळून १२ जण गेले होते. १ जुलैला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जणांचा कोळसा झाला होता. भाच्याच्या मागून एक पांढरी गाडी आली आणि दिवे चमकवू लागली. त्याच्या पायाला खाज सुटली असणार. दोनशे अश्वशक्ती पायाखाली असताना मागून कुणी दिवे मारावेत! अक्का मागून एवढेच म्हणाली, "जाऊ दे त्याला." भाच्याने गाडी डाव्या रांगेत घेतली.

माळीवाड्याला उतरलो की समोर दौलताबादचा किल्ला. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी येथे बसने आले होते आणि हौदाच्या पाण्यावरून काय प्रसंग ओढवला, ते आपल्या वाचकांना मुखोद्गत आहे. पुन्हा लिहीत नाही. आम्ही थांबलो नाही. पुढे खुलताबादची चढण, वेरूळची उतरण. या भागातले गतिरोधक म्हणजे छोटे बांधच. गाडी तिरकी करून एकेक चाक चढवावे लागे. एका ठिकाणी आम्ही आणि भाचेसून खाली उतरलो, मागून हातगाडीवाला हसत होता. वेगाचे वाहन आपल्या खेड्यापाड्यांत आणले की त्याची ही गत होते.

कन्नडच्या पुढे औट्रम घाट. खानदेशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव त्याला आहे. लोक कन्नड घाट म्हणतात. त्या ऑगस्टपासून न्यायालयाच्या आदेशाने येथे जड वाहनांना बंदी होती, त्यामुळे रस्ता मोकळा होता. लहानपणी लाल गाडीतून या घाटात अक्काला हमखास उलटी व्हायची. कंडक्टर तिला दारापाशी बसवायचा. आता ती डोळे मिटून बसली. उतारावर भाच्याने गिअर हाताने खाली घेतला, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि नव्या ब्रेकवर सारा भार येत नाही. चढणारी वाहने दिसली की तो थांबून त्यांना आधी जाऊ देत होता. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियमच आहे. या वळणांवर मात्र गाडी कळली. चाक जेवढे वळवावे तेवढीच वळते, कमी नाही, जास्त नाही. एकाही वळणावर अंग कलंडले नाही. खाली खानदेशचे सपाट रान दिसू लागले तेव्हा अक्काने डोळे उघडले आणि विचारले, "झाला घाट?" उलटी झाली नव्हती.

चाळीसगाव जवळ आले तसे आमच्या मनात तो टांगा येऊ लागला. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद असलेले बाबासाहेब धुळ्याच्या कामावरून परतताना चाळीसगावला उतरले. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायचे तर एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार होईना. बॅरिस्टर झालेला माणूस! शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. वस्तीतलाच एक जण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर घोडा बिथरला, चाक दगडांत अडकले, आणि बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. पायाचे हाड मोडले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी हे स्वतः लिहिले आहे. त्यांनी टांगेवाल्याविषयी लिहिले तसे आपल्या माणसांविषयीही लिहिले. आपल्या पाहुण्याने पायी चालणे त्यांना अपमानाचे वाटले, पण मानापेक्षा बसणाऱ्याचा जीव मोठा, याचा त्यांना विसर पडला. कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

आम्ही हे भाच्याला वाटेत सांगितले. त्याला ठाऊक होते. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, हप्त्याचं म्हणताय ना?" आम्ही म्हणालो, हप्त्याचेही, आणि त्या पांढऱ्या गाडीचेही. सहा महिन्यांचे हप्ते बँकेत वेगळे ठेवल्याशिवाय दुसरे मशीन घ्यायचे नाही, एवढे त्याने कबूल केले. गाडीविषयीचे आमचे मत तेव्हाही बदलले नाही, आजही नाही. पण गेटवरच्या बाकाचे उत्तर आमच्यापाशी नाही, हेही खरे.

मावशीच्या गल्लीत गाडी शिरेना. तोंडाशी उभी केली. पोरे जमली, पुढची चार कडी मोजू लागली. मावशी काठी टेकत आली, बॉनेटवर हात ठेवला आणि गरम लागला म्हणून मागे घेतला. बस म्हटल्यावर तिने विचारले, "हाकणार कोण?"

"मीच की, आजी."

"येतं ना नीट?"

"येतं."

तिला बसवून स्टेशनापर्यंत नेऊन आणले. दुसरी फेरी नको म्हणाली. मग पोरांचा नंबर लागला. एका वेळी चार, प्रत्येकाचा पट्टा लावून, ताशी वीसच्या वेगाने. चपला बाहेर काढून ठेवायच्या असे त्यांनी आपसांतच ठरवले. गल्लीच्या तोंडाशी चपलांचा ढीग पडला. भाचा सांगत होता, अरे घालून बसा, पण एकही ऐकेना. शेवटी त्याने स्वतःचे बूट घातलेले पाय दाखवले, तेव्हा कुठे त्यांनी चपला घातल्या आणि नव्या गालिच्यावर चाळीसगावची माती उमटली. घाटात रात्रीचे जायचे नाही म्हणून आम्ही मुक्काम केला. अंधार पडेपर्यंत सतरा पोरे बसून झाली होती आणि मीटर दोनशेला आले होते.